मागे राहिलेले

ड्रायव्हरने बंद होत आलेलं दार पुन्हा उघडलं आणि पायरीवर लोंबकळणाऱ्यांना ओरडून सांगितलं, "आत सरका हो, अजून चौघं मावतील!"

चौघं कसली, मुंगी शिरायला जागा नव्हती. पण सोमवारपासून त्याने टेकडीवरच्या वस्तीतला एकही माणूस स्टॉपवर ठेवला नव्हता. कारण पुढच्या सीटवरची ती बाई. श्रीमंत शहरातून आलेली, महापालिकेची पाहुणी. मांडीवर टॅब घेऊन प्रत्येक स्टॉपवर काहीतरी टिपायची आणि विचारलं की नुसती हसायची. ते हसणं काही त्याला सरळ वाटत नव्हतं.

"नदीकाठच्या मार्गावर अशीच माणसं येऊन बसली होती," त्याने कंडक्टरला, म्हणजे आपल्या मेव्हण्याला, बजावलं होतं. "दोन महिन्यांत बस बंद. हिला एक सीट रिकामी दिसता कामा नये."

मेव्हण्याने वस्तीत निरोप फिरवला. एरवी चालत जाणारे म्हातारेसुद्धा बसने जाऊ लागले. हा खटारा उन्हाळ्यात भंगारात जाणार होता. त्यानंतर नवी बस मिळणार की पायपीट, हे या बाईच्या हातात होतं.

शनिवारी दुपारी, टेकडीच्या माथ्यावर, तिच्या पाहणीच्या शेवटच्या फेरीआधी बाई आपणहून बोलली.

"तुमचं कौतुक लिहिलंय मी. सहा दिवसांत एकही माणूस मागे राहिला नाही."

"म्हणजे नवी बस आम्हाला?"

"नव्या इलेक्ट्रिक बस दोनच मार्गांना मिळतील. जिथे जागेअभावी लोक स्टॉपवर राहतात, तिथे. तुमचं पुढच्या वर्षी बघतील."

ती जाऊन आपल्या सीटवर बसली.

"खरं सांगून टाकू या, भाऊजी," मेव्हणा कुजबुजला.

"काय सांगणार? आठवडाभर तुम्हाला बनवत होतो म्हणून? मग आपला कुठला आकडा खरा मानेल ती?"

बस माथ्यावरच गच्च भरली. मधल्या स्टॉपवर पंधरा-वीस जण उभे होते. पुढेच त्याची बायको, आपल्या आईचा हात धरून. दोघींना बोलावणं त्यानेच धाडलं होतं. बसचा वेग कमी झाला, तशी मंडळी निर्धास्तपणे पुढे सरकली.

दार उघडलं नाही.

"अहो!" बायकोने काचेवर थाप मारली. "अहो, आम्ही आहोत!"

"भाऊजी, ताई आणि आई..."

"खाली बस."

लाजेने त्याचे कान तापले होते. त्याने गिअर टाकला आणि रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "बाई, मोजलंत ना सगळ्यांना?"