कललेल्या दीर्घिका

कार्तिकातलं मावळतीचं ऊन पठारावर उतरलं. हळदिवं, हळवं, हलक्या पावलांचं. वेधशाळेच्या शुभ्र घुमटावर केशर सांडलं, आणि दरीतून नीलश्यामल सावल्या हळूहळू वर चढू लागल्या.

आत पडद्यापुढे हेमांगी खांबेटे बसली होती. समोर लक्षावधी दीर्घिका, तिळाएवढे तेजःकण. एकटी दीर्घिका कशीही कलते, तिचं काय घेऊन बसायचं! पण कीर्तनात शेकडो कंठांच्या गजरातून एकच षड्ज उमटावा, तसा लक्षावधींचा कल एकवटला की वाटेत त्यांचा प्रकाश वाकवणाऱ्या अदृश्य वस्तुमानाची चाहूल लागते.

तिला लागली होती. एका दीपहीन, निःशब्द, निबिड जागेभोवती साऱ्या दीर्घिका कललेल्या. जणू काळोखात कुणी बसलंय, आणि प्रकाश त्याला प्रदक्षिणा घालतोय. उमेदीची सारी वर्षं तिनं त्या काळोखाला वाहिली होती. उद्या शास्त्रज्ञांच्या सभेत ती म्हणणार होती, "सापडलं."

दारातून तिचे गुरू, थत्तेसर, डोकावले. "काय गं, भूत पकडलंस म्हणे! अंगारा लावून पाहिलास का?"

"लावते, सर. तुम्ही आधी चहा सांगा."

"आभाळ मोडल्याशिवाय चहा नाही हो!"

आभाळ मोडणं ही तिथली ताळा पाहण्याची रीत. संगणकावर प्रत्येक दीर्घिका जागच्या जागी, मन मानेल तशी फिरवायची. खरं कलणं विस्कटतं. उरतो निव्वळ योगायोग.

हेमांगीनं आभाळ मोडलं.

मोडल्या आभाळातही एक काळोख उभा राहिला. भलत्याच कोपऱ्यात, पण तितकाच उंच, तितकाच गर्द. पुन्हा मोडलं, तो आणखी कुठे जाऊन बसला. पुन्हा मोडलं, पुन्हा बसला. कुणीच नव्हतं तिथे, आणि कुणीतरी होतं.

"मग तुझाच तेवढा खरा कशावरून?" सर हळू म्हणाले.

"दिसली म्हणून तीच जागा मापली, सर. बाकीच्या आभाळाला विचारलंच नाही."

"होतं गं बाई. देव दिसावा असं फार वाटलं की दगडही हसतो."

तिनं "सापडलं" पुसलं. आलेखात मापाच्या दोन्ही अंगांना, चूक किती असू शकते ते सांगणारी, संशयाची रेघ वाढवली, वाढवली, पार शून्याला टेकेपर्यंत. उद्या आता एवढंच म्हणायचं : असेलही, नसेलही. डोळे भरले, हात थांबला नाही.

ती बाहेर आली तेव्हा वारा पडला होता. पान हलत नव्हतं. तरी पठारावरचं गवत, पातं न् पातं, एका रिकाम्या जागेभोवती कललेलं.

हेमांगीनं हात जोडले. आणि ती रिकामी जागा उजव्या हाताला ठेवून, सावकाश, सावकाश, उतरणीला लागली.