चिमट्यांचा कार्यक्रम

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. माझ्यावर कोणी बेरजा केल्या नाहीत की शुद्धलेखन घातलं नाही. मी एका छोट्या संगीताच्या हॉलच्या दाराशी टांगलेला असे. येत्या दिवसांत तिथे कोण गाणार, कोण वाजवणार, हे येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायचं हे माझं काम. आज मी एका बाल्कनीत भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या कडा फुगल्या आहेत आणि काळ्या रंगाचे पोपडे निघू लागले आहेत. सगळा रंग जायच्या आत माझी हकिगत तुम्हाला सांगून टाकावी, असं मनात आलं.

माझा जन्म एका खोक्यातून झाला. आमचा हॉल म्हणजे पूर्वीचं कागदाच्या गठ्ठ्यांचं गोदाम. एका हौशी माणसाने ते भाड्याने घेतलं, झाडून-पुसून रंगवलं आणि पहिली खरेदी केली ती एका जुन्या पियानोची. तो पियानो ज्या लाकडी खोक्यातून आला, त्याची मी एक बाजू. खोकं फोडून जाळायचंच ठरलं होतं, पण त्या माणसाच्या बायकोने सुताराला थांबवलं.

"एवढी सरळ फळी आहे, वाया कशाला घालवायची? दाराशी लावायला काहीतरी करून द्या."

सुताराने मला रंधा मारला, चौकट बसवली, काळ्या रंगाचे दोन हात दिले. "पियानोच्या संगतीत राहिलंय हे लाकूड," तो म्हणाला, "सुरात राहील." मग माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगात अक्षरं उमटली, 'येणारे कार्यक्रम'. ती कधी पुसायची नव्हती. त्यांच्या खालचं सगळं मात्र पुसण्यासाठीच होतं.

त्या माणसाला सगळे मालक म्हणत. इमारत दुसऱ्याची, खुर्च्या उसन्या, पण हाक मात्र मालक, आणि तेही ती ऐकून खूश होत. त्यांच्या बायकोला सगळे आई म्हणत, कारण माझ्या शेजारच्या तिकीटखिडकीत बसून त्या कलाकारांना आधी जेवलात का विचारत आणि मग वाद्यं कुठे ठेवायची ते सांगत. मीही त्यांना मालक आणि आईच म्हणतो.

दर सोमवारी सकाळी मालक ओलं फडकं आणि खडू घेऊन बाहेर येत. मला पुसत, वाळू देत आणि मग एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहीत. ॲकॉर्डियन वाजवणारे म्हातारे, बासरीवाले, गावोगाव फिरणारे गिटारवाले, स्वतःची गाणी स्वतःच रचून गाणाऱ्या पोरींची टोळकी, सगळ्यांची नावं माझ्या अंगावरून गेली. कलाकार आले की आधी माझ्यासमोर उभे राहत. कोणी आपल्या नावाशेजारी उभं राहून फोटो काढून घेई. एक नवखा गायक तर आपलं नाव पाहून रडला होता. रस्त्याने जाणारी माणसं बसची वाट पाहत मला वाचत. कधी वात्रट पोरं एखादं अक्षर पुसून पळत. एकदा त्यांनी 'गिटारवादन'मधला 'न' पुसला. दिवसभर माझ्यावर 'गिटारवाद, सायंकाळी सात' असं झळकत होतं. आई पुसायला निघाल्या, तर मालक म्हणाले, "राहू दे. वाद ऐकायला जास्त लोक येतील." आणि खरंच त्या दिवशी हॉल भरला.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

मालकांना एकच मुलगी. ती गिटार वाजवायची आणि गायची. शिंप्याची मुलगी तिची जिवलग मैत्रीण, ती व्हायोलिन वाजवायची. तिसरी बेकरीत पाव भाजायची आणि फावल्या वेळात ड्रम बडवायची. तिघी मालक राहत त्या इमारतीच्या गच्चीवर सराव करत. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून गाण्यांचे कागद कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी अडकवत. म्हणून त्यांनी आपल्या चमूचं नावच ठेवलं, 'चिमटे'.

"हे काय नाव झालं?" मालक हसले. "लोक विचारतील, डझनावर मिळतात का."

पण त्यांनी ते माझ्यावर लिहिलं. अगदी तळाशी, जरा बारीक अक्षरात. लेक समोर उभी राहून पाहत होती. लिहून झाल्यावर तिने खडूचा कण माझ्या चौकटीवरून हळूच फुंकून काढला. ती फुंकर मला अजून आठवते.

दोन-तीन दिवसांतच एका फिरत्या बँडचा फोन आला. त्यांना नेमकी तीच तारीख हवी होती. मालकांनी फडकं ओलं केलं.

"घरचीच आहेत," ते आईंना म्हणाले. "त्यांचं काय, कधीही करू."

लेक म्हणाली, "ठीक आहे, बाबा." ती खरंच रागावली नव्हती. घरचं माणूस समजून घेतं, असं तिलाही वाटत होतं.

पुढच्या खेपेला पुन्हा नाव लिहिलं गेलं आणि एका परगावच्या बासरीवाल्यासाठी पुन्हा पुसलं गेलं. आई खिडकीतून म्हणाल्या, "अहो, पोरींनी किती तयारी केलीये. जरा बघा त्यांच्याकडे."

"बघतोच आहे की. पण हा माणूस पुन्हा कधी येणार? आपली पोरगी कुठे पळून चाललीये?"

तिसऱ्या वेळी मात्र तारीख पक्की ठरली. शिंप्याने आनंदाने तिघींसाठी एकसारखी गर्द हिरवी जाकिटं शिवली. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना निरोप गेले. त्या दिवशी तिघी ती जाकिटं घालून दुपारीच आल्या. आणि त्या आल्या तेव्हा मालक फडकं हातात घेऊन माझ्यासमोर उभे होते. एका नावाजलेल्या गायकाची गाडी जवळच बिघडली होती. रात्रीचा मुक्काम करावाच लागणार म्हणून ते आमच्याकडे गायला तयार झाले होते.

"असा माणूस आपल्या दारात!" मालकांचा आवाज आनंदाने कापत होता. "तुम्ही पुढच्या आठवड्यात करा गं. आज मदत करा मला, गर्दी उसळणार आहे."

गर्दी उसळली. तिघी दारात उभ्या राहून लोकांना जागा दाखवत होत्या. एकसारखी जाकिटं पाहून लोकांना वाटलं, या इथे कामाला असलेल्या मुली. एका बाईंनी व्हायोलिनवालीला विचारलं, "अहो, तिसरी रांग कुठे आली?" तिने रांग दाखवली. तिची व्हायोलिनची पेटी माझ्याखाली भिंतीशी ठेवलेली होती. तिचे वडील, तो शिंपी, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि मागच्या मागे घरी गेले.

त्यानंतर लेकीने तारीख मागितली नाही. मालकांनीही विचारलं नाही. काही महिन्यांनी तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जाताना ती माझ्यासमोरून गेली, पण मला वाचायला थांबली नाही. गिटार तिने नेली नव्हती.

वर्षं गेली. लोक कार्यक्रमांची माहिती फोनवर पाहू लागले. मालक सोमवारी बाहेर यायचे ते कधी मंगळवारी येऊ लागले, कधी येतच नसत. झालेल्या कार्यक्रमांची नावं माझ्यावर तशीच राहत. माझ्या डोक्यावरचा पत्रा वाऱ्याने उडाला, तो कोणी पुन्हा ठोकला नाही. कोणी मला सायकल टेकवून जाई. मला त्याचं वाईट वाटे. पण खरं वाईट त्या दिवशी वाटलं, ज्या दिवशी बेकरीवाली धावत येऊन तिकीटखिडकीशी आईंना मिठी मारून रडली. व्हायोलिनवाली आजारी होती हे मी ऐकत होतो. ती गेली. मालकांनी शिंप्याच्या घरी फुलं पाठवली. स्वतः गेले नाहीत, कारण हॉलमध्ये कार्यक्रम होता.

मग इमारतीच्या धन्याने जागा परत मागितली. हॉल बंद होणार हे ठरलं. त्या सोमवारी मालक पुष्कळ दिवसांनी ओलं फडकं घेऊन आले. त्यांनी मला चौकटीपर्यंत स्वच्छ पुसलं आणि माझ्या मधोमध मोठ्या अक्षरांत लेकीचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'शेवटचा कार्यक्रम'.

"तिला विचारलंत का?" आई खिडकीतून म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? हरखून जाईल."

लेक आली. खांद्यावर पिशवी, केसांत एक-दोन पांढऱ्या बटा. माझ्यासमोर उभी राहून तिने ते नाव वाचलं. मालक दारातून हसत बाहेर आले.

"बघ, सगळा फळा तुझा."

ती म्हणाली, "बाबा, आम्ही तिघी होतो."

मालकांचं हसू तसंच ओठांवर राहिलं.

"आमच्या चमूला नाव होतं. ते तुम्ही पुसायचात, तेव्हा निदान लिहिलेलं तरी असायचं. आता ती नाही, आणि तुम्ही माझ्या एकटीचं नाव लिहिलंत."

तिने पिशवी खाली ठेवली आणि उघड्या तळव्याने स्वतःचं नाव पुसून टाकलं. तिच्या हाताला खडू लागला, तो तिने झटकलाही नाही.

"मला वाटायचं, तुम्हाला माझं गाणं ऐकायचंच नाहीये."

"नाही गं," मालक म्हणाले. ते तिकीटखिडकीच्या पायरीवर बसले. "तू घरात गुणगुणायचीस, ते ऐकायचो ना मी. वाटायचं, हे काय, आपलंच आहे. ते कुठे जातंय."

आई खिडकीत होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. लेकही वडिलांशेजारी पायरीवर बसली. ती म्हणाली, "रविवारी सकाळी मी आणि आमची ड्रमवाली, आम्ही दोघी वाजवू. फळ्यावर काही लिहू नका. पण जी राहिली नाही, तिच्या वडिलांना तुम्ही स्वतः जाऊन बोलवा."

मालक त्याच संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"येतो म्हणाले," त्यांनी आईंना सांगितलं. "मला आत बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, पोरी कोणती गाणी वाजवणार? मला एकाही गाण्याचं नाव सांगता आलं नाही."

रविवारी दार सताड उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. आत थोडीच माणसं होती. लेकीचा आवाज सुरुवातीला अडखळला, मग मोकळा झाला. बेकरीवाली अगदी हलक्या हाताने ताल धरत होती. गाण्यात जिथे व्हायोलिन यायचं, तिथे दोघी गप्प होत. फक्त ताल चाले. ती रिकामी जागा त्यांनी भरली नाही. दुसऱ्या गाण्यात ती जागा आली तेव्हा खुर्च्यांमधून कोणीतरी गुणगुणू लागलं. आवाज घोगरा होता, मध्येच बेसूर होत होता. तो शिंपी होता. त्यांची मुलगी घरी सराव करायची तेव्हा शेजारच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन चालू असे, तिथे ती सुरावट त्यांच्या कानांत बसली होती. ते थांबेपर्यंत दोघी पुढच्या ओळीवर गेल्या नाहीत.

मालक आत बसले नाहीत. ते दाराबाहेर माझ्याशेजारी उभे होते, एक हात माझ्या चौकटीवर ठेवून.

"किती चांगलं होतं हे," ते पुटपुटले. तिथे ऐकायला मीच होतो.

एवढे कार्यक्रम माझ्या अंगावरून गेले, पण त्या तिघींना एकत्र मंचावर कोणीच कधी ऐकलं नाही. आता ऐकणारही नाही. ही गोष्ट कोणाला दुरुस्त करता आली नाही, मालकांनाही नाही. हॉल रिकामा करताना मालकांनी मला घरी आणून बाल्कनीत ठेवलं. लेक अधूनमधून येते, वडिलांशी नीट बोलते, त्यांच्या औषधांची चौकशी करते. मालक तिला गाणं म्हण म्हणतात. ती कधी म्हणते, कधी "आज नको" म्हणते. ती नको म्हणाली की मालक पुन्हा विचारत नाहीत. बाल्कनीत येतात आणि उगाच कुंड्यांना पाणी घालत राहतात.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. आमच्यासारख्या लाकडी वस्तूंना उन्हापावसात टाकू नका, वर्षातून एकदा रंगाचा हात द्या, हे तर मी मागेनच. पण त्याआधी दुसरं मागतो. तुमच्या घरात कोणी गात असेल, काही वाजवत असेल, काही लिहून उशीखाली ठेवत असेल. आज घरी गेल्यावर त्या माणसासमोर बसा आणि म्हणा, ऐकव. ताटं वाढलेली असली तरी थोडी थांबतील. जेवण पुन्हा गरम करता येतं.