पाठीमागचा फळा

"थिएटरमध्ये नर्सला हात असतात गं बाई, तोंड नसतं!"

पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या इन्चार्जबाईंनी पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. मोठ्या सिस्टरने त्याची खूणगाठ बांधली. आणि गेल्या वर्षी त्याच गाठीने एका निरपराध मुलीचा गळा आवळला.

झालं असं, की ऑपरेशननंतर एका बाईच्या पोटात रक्त टिपायचा मॉप राहिला. बाई वाचली, पण पोट पुन्हा उघडावं लागलं. चौकशी झाली. चौकशी कसली, नुसता देखावा! मॉप मोजायचं काम धाकट्या सिस्टरकडे होतं, म्हणून तिला घरी बसवलं. कागदावर शेरा पडला, 'निष्काळजीपणा'. खरं काय ते मोठ्या सिस्टरला ठाऊक होतं. बोललेलं वाऱ्यावर जातं, गिळलेलं काळजात रुततं. तिने गिळलं.

यंदा रुग्णालयाने थिएटरची मांडणी बदलायची ठरवली आणि सर्जनसाहेबांच्या जोडीला एक डिझायनर बाई दिली.

"पडद्यांचे रंग निवडायला आलात वाटतं?" साहेब म्हणाले. "बाई, आम्ही इथे पोटं उघडतो, चित्रं नाही काढत."

"म्हणूनच आले, साहेब. चित्र चुकलं तर खोडता येतं."

आठ दिवस ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसती बघत राहिली. नवव्या दिवशी तिने रिकाम्या हॉलमध्ये खोटं थिएटर उभं केलं. पुठ्ठ्याचं टेबल, जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या जागा, रोगी म्हणून एक उशी. मॉपचा हिशेब लिहायचा फळा मात्र खऱ्यासारखाच, मोजणाऱ्याच्या पाठीमागे.

"साहेब, आज तुम्ही मोजा. मोठ्या सिस्टर, तुम्ही साहेब व्हा."

जमलेल्या सगळ्यांत हशा पिकला. साहेब बादलीतले मॉप मोजू लागले. सहा, सात...

"दिवा इकडे फिरवा!" सिस्टर कडाडली. अगदी साहेबांच्याच सुरात! "टाक्यांचा नवा दोरा उघडा! झोपलात की काय?"

साहेब दिव्याकडे धावले, दोऱ्याकडे वळले, फळा पाठीमागेच राहिला. "आठ... की नऊ?"

"मी टाके घालायला घेतेय!"

"अहो, थांबा ना जरा! मोजू तरी द्या!"

डिझायनर पुढे आली. "हे 'थांबा' तुमच्या टेबलापाशी कुणाला म्हणता येतं, साहेब? आठ दिवसांत एकाच्याही तोंडून निघालं नाही. फळा समोर आणू, मोजणी मोठ्याने करू, पण त्याआधी धाकट्यातल्या धाकट्यालाही थांबवायचा हक्क द्या."

"शिस्त म्हणतात त्याला!" साहेब उसळले. "आणि गेल्या वर्षीचं म्हणाल, तर ती पोरगीच वेंधळी होती."

वेंधळी! मोठ्या सिस्टरच्या अंगाची लाही लाही झाली. त्या मुलीची नोकरी गेली, नाव गेलं, आणि अजून हा डाग तिच्याच माथी?

"नाही साहेब!" तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "तिने बरोबर मोजलं होतं. 'एक कमी आहे' म्हणाली. तुम्ही दोरा मागितलात. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी... मी दोरा तुमच्या हातात ठेवला. वेंधळी ती नव्हती. भित्री मी होते!"

बंधुभगिनींनो, फळा हलवायला दोन खिळे पुरतात. माणसाचा धाक हलवायला छाती लागते. ज्या खोलीत धाकट्याला 'थांबा' म्हणता येत नाही, तिथे मोठ्याचं कसबही घातकच ठरतं. अन् अशी खोली नुसती दवाखान्यातच असते असं नाही. आपल्या घरात, आपल्या कचेरीत डोकावून पाहा!

साहेबांनी हातातला मॉप बादलीत ठेवला. मग त्यांनी तो फळा स्वतः ओढत आणून टेबलासमोर ठेवला.

"धाकटीला परत बोलवा," ते म्हणाले. "आणि चौकशीचा कागद आणा, शेरा मी बदलतो." मग खालमानेने म्हणाले,

"ती 'एक कमी आहे' म्हणाली ना, ते मी ऐकलं होतं."