मास्तरांच्या गळ्यावरचा ओरखडा

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. माझं रेक्झिन दोन जागी फाटलंय आणि मला वर-खाली करणारा दांडा हल्ली फक्त खालीच करतो. कारखान्यात माझा लोखंडी पाय घडला तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर कुणी मोठे साहेब बसणार. नशिबी आली केसांची कात्रणं!

पण मालक लाखात एक मिळाले. सगळे त्यांना चाचा म्हणत. सकाळी आधी मला पुसायचे, मग आरशाला. लहान मुलांसाठी माझ्या हातांवर फळी टाकायचे आणि रडणाऱ्या पोराला म्हणायचे, "रडू नकोस, कान कापायचे पैसे वेगळे पडतात." पोरं रडता रडता हसायची.

शाळेतले मास्तर दर रविवारी दाढीला येत. फेस लागला की त्यांचा डोळा लागे आणि वस्तरा गळ्यावरून फिरत असताना ते खुशाल घोरत. मग चाचा बाकावरच्या गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगत. मला या दोघांचं फार कौतुक वाटायचं.

मग शहरातल्या बाजारात बॉम्बस्फोट झाला. पुष्कळ माणसं गेली. पकडलेले लोक मुसलमान होते आणि आमचे चाचाही मुसलमान. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले तेव्हा रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. गिऱ्हाइकं आली, पण चाचांशी कुणी धड बोलेना.

रविवारी मास्तर आले. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. वस्तरा गळ्याशी आला तसे त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट आवळले. अहो मास्तर, हे आपले चाचा ना! पण खुर्चीचं कोण ऐकतं? मास्तर एकदम दचकले, मान हलली आणि गळ्यावर बारीकसा ओरखडा उठला.

"माफ करा, मास्तर," चाचा म्हणाले. खरं तर त्यांची काहीच चूक नव्हती.

बाकावर शेजारचा दुकानदार बसला होता. "यांनी केलं?" त्याने विचारलं.

"मी हललो," एवढंच मास्तरांनी सांगायचं होतं. ते खाली बघत निघून गेले.

झालं! चाचांनी मास्तरांच्या गळ्यावर वस्तरा चालवला, असं गल्लीभर पसरलं. आया आपल्या मुलांना दुकानासमोरून ओढून न्यायला लागल्या. मी दिवसचे दिवस रिकामी राहिले. तरीही चाचा मला रोज पुसत होते आणि ते मला बघवत नव्हतं.

शेवटी एका सकाळी मास्तर आले. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. शेजारच्या दुकानदाराला हाताला धरून आणलं होतं.

"ऐक, त्या दिवशी मीच हललो होतो," ते त्याला म्हणाले. "मला चाचांची भीती वाटली. इतकी वर्षं यांच्या हातात मान दिली आणि यांचीच भीती वाटली. मला माझीच लाज वाटते." मग चाचांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला कळलं होतं का?"

"मान माझ्याच हातात होती, मास्तर. कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझं कुणी ऐकलं असतं?"

मास्तर माझ्यावर बसले. "दाढी करा, चाचा."

"केस कापतो. दाढी करणं सोडलं मी. पुन्हा कुणाला जरा लागलं, तर लोक दुकान पेटवतील."

"असं कसं पेटवतील? मी आहे ना!"

"तेव्हाही तुम्ही होताच, मास्तर," चाचा शांतपणे म्हणाले.

मास्तर ओंजळीत तोंड लपवून रडले. चाचांनी त्यांना पाणी दिलं, केसही छान कापून दिले. हळूहळू बाकीची गिऱ्हाइकं परतली. वस्तरा मात्र पेटीतून बाहेर आला नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, माझं रेक्झिन बदलता येतं. पण तुमच्यासमोर कुणावर खोटा आळ आला, तर तिथल्या तिथे तोंड उघडा. त्या दिवशी खरं काय ते आम्हा तिघांनाच माहीत होतं. मला तोंड नव्हतं. चाचांचं कुणी ऐकलं नसतं. मास्तरांचं सगळ्यांनी ऐकलं असतं.