बाबांची बस सारखी डावीकडे

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि आत्ता माझा जीव टांगणीला लागलाय. मला सगळं कळतं, पण बोलता येत नाही.

नवा होतो तेव्हा माझी मालकीण, ताई, मला तळहाताच्या फोडासारखं जपायची. मग काच तडकली, तिने दुसरा घेतला, मी कपाटात.

तिचे बाबा बस चालवायचे. एका सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, मनगट रोज हलवा, नाहीतर आखडेल. बाबांना व्यायामाचा भारी कंटाळा. म्हणून ताईने मला कपाटातून काढलं आणि स्वतः शिकून माझ्यात एक गेम बनवला. रस्ता, त्यावर बस. मला दोन्ही हातांत धरायचं, जिकडे कलवाल तिकडे बस वळणार. मी किती कललोय ते ओळखणारा सेन्सर माझ्या पोटातच आहे.

बाबा हरखले. "आली की गं माझी गाडी!"

पण बस सारखी डावीकडच्या खड्ड्यात.

आता नीट ऐका. गेम उघडताना मी जसा असेन, त्यालाच मी सरळ समजायचं, असं ताईने ठरवलंय. ती मला टेबलावर ठेवून उघडते. तिची बस मस्त पळते. बाबा मला मांडीवरच्या उशीवर टेकवतात आणि डाव्या बोटाने उघडतात. उशी उजवीकडे उतरती. मग ते मला उचलून अगदी सरळ धरतात, आणि मला वाटतं, डावीकडे कललो! बाबांचा हात बरोबर आहे हो! चुकतंय ते माझं सरळ!

"गेममध्ये काही बिघाड नाही बाबा, मी बघितलं," ताई हळूच म्हणाली.

"मग हातच गेला म्हणायचा."

व्यायाम बंद. बोटं आत वळायला लागली. मी समोरच पडून. थरथरलो, तर बाबा म्हणाले, "बघ गं, कुणाचा मेसेज आलाय."

आज मला मोडीत द्यायचंय. माझ्यातलं सगळं पुसायला ताई बाबांशेजारी बसली. मला बाबांच्या मांडीवरच्या त्याच उशीवर टेकवलं, शेवटचं एकदा गेम उघडला, उचललं. बस खड्ड्यात. पुन्हा उघडला. खड्ड्यात.

"बाबा, माझापण हात गेला!"

"काहीतरीच काय! तुझा कसा जाईल?"

दोघं माझ्याकडे बघतायत. मग उशीकडे.

"सरक," बाबा म्हणाले. "टेबलावर ठेव आणि उघड. मग दे इकडे."

मित्रांनो, कुणाचा हात गेला म्हणण्याआधी एकदा त्याच्या जागेवर बसून बघत जा. आखडलेली बोटं माझ्याभोवती नीट मिटतसुद्धा नाहीयेत. मी घसरतोय. धरा, बाबा. सोडू नका.