बुजवलेल्या विहिरीतल्या आसरा

शुक्रवारी दुपारी बारा वाजता वाळूजच्या त्या कारखान्यात काम थांबलं आणि साठ बायका हात जोडून एका खुर्चीसमोर बसल्या. खुर्चीवर डॉक्टर सर्जेरावबाबा होते. शेजारच्या टेबलावर लाल फडक्यात बांधलेले चार जाडजूड ग्रंथ, पुढ्यात कोळशाच्या दोन शेगड्या, त्यांवर मूठमूठ धूप. पत्र्याच्या शेडच्या सगळ्या खिडक्या बंद, दाराला कुलूप. बाहेर मे महिना आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष. आत श्वास घ्यायलासुद्धा जोर लागत होता.

"आधी मी कोण ते ऐका," बाबा म्हणाले. "हा पहिला प्रबंध फिजिक्सचा. आत्म्याची फ्रिक्वेन्सी मी मोजलेली आहे. हा दुसरा सर्जरीचा, बिनचाकूच्या. तिसरा मनाच्या उपचारांचा. आणि हा चौथा कामगारांच्या आरोग्याच्या कायद्याचा. चार विषय, चार डॉक्टरेट. एवढा शिकलेला माणूस आसरा आहेत म्हणतो, तेव्हा त्या आहेत."

चार प्रबंधांवरून बाबांनी आसरांवर मारलेली ही उडी कुणाच्या ध्यानात आली नाही. आधीचे शब्द कळले नव्हते, म्हणून शेवटचा पटला.

रत्नमाला दाराशी किल्ली घेऊन उभी होती. तिला बाबांनी 'राखणदारीण' नेमलं होतं. रोज दुपारी आकड्याच्या बांबूनं वरच्या खिडक्या लावायच्या आणि दाराला कुलूप घालायचं, हे तिचं काम. बाबा आज दोघींच्या पोटातून आसरा काढणार होते, आणि त्यातली दुसरी तिची भावजय शीला होती. शीलाला पाचवा महिना. आधी दोनदा पोट पडलेलं. तिला या कारखान्यात कामाला लावलं होतं ते रत्नमालेनंच.

सगळी भानगड विहिरीपासून सुरू झाली. कारखान्याच्या आवारातली जुनी विहीर आटली, तशी कंपनीनं ती मुरमानं बुजवली आणि तिला लागून ही शेड उभी केली. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचे, बायकांचं बैठं काम. पण विहीर म्हटली की साती आसरा आल्या. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी, बाईमाणसाला धरणाऱ्या, पोटुशीला तर सगळ्यांत आधी. रत्नमालेचं घराणं सोयगावकडचं, मेंढरं राखणारं. मेंढरांना पाणी पाजायच्या आधी विहिरीच्या काठावर सात खडे मांडून त्यांना हळद लावायची, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. दुष्काळात मेंढरं विकून घर शहराच्या कडेला आलं, तरी तिची माय बानाबाई हे विसरली नव्हती. "आसरांचं घर बुजिवलं," ती म्हणाली होती. "आता त्या कुठं जातील? तुमच्याच अंगात येतील."

आणि झालंही तसंच. मार्चपासून बायकांची डोकी ठणकायला लागली, मळमळ, चक्कर. एप्रिलात दोघी कामावरच कोसळल्या. मॅनेजर केयूरसाहेबांनी डॉक्टर बोलवायचा तर बाबा बोलावले. बाबांनी सांगितलं, आसरांचं वारं लागतंय, खिडक्या लावा. दुपारी वीज गेली की त्या उठतात, तेव्हा शेगडी पेटवून धूप घाला. पुढच्या पंधरवड्यात नऊ जणी पडल्या. मग बाबांनी शेगड्या दोन केल्या. औषधानं रोग वाढला तर औषध बदलावं, हे कुणाला सुचलं नाही. भ्यालेल्या माणसाला औषध सोडायचीही भीती वाटते.

एका बाईला मात्र ते सुचलं होतं. डॉक्टर मनस्विनी औरंगपुऱ्यात राहायची आणि विद्यापीठात कामगार बायकांच्या आरोग्यावर प्रबंध लिहायची. महिनाभर ती कारखान्यात येऊन, कोण कधी पडलं याची वही ठेवत होती. गुरुवारी चहाच्या सुट्टीत तिनं रत्नमालेला गाठलं.

"रत्नमालाताई, रविवारी घरी डोकं दुखतं का?"

"नाय."

"सकाळी इथं वीज असते तेव्हा?"

"नाय जी. दुपारी लाइट गेली की दुखतंय. तवाच आसरा उठत्यात."

"लाइट गेली की अजून काय सुरू होतं?"

रत्नमालेनं भिंतीकडे बघितलं. लाइट गेली की जनरेटर सुरू व्हायचा. तो बसवला होता बुजवलेल्या विहिरीवरच, शेडच्या भिंतीला खेटून.

"वायरी आत घ्यायला भिंतीला भोक पाडलंय, तिथून त्याचा धूर आत येतो," मनस्विनी म्हणाली. "त्यात तुम्ही खिडक्या लावता आणि कोळसा पेटवता. कोंडलेल्या जागेत कोळशातून जो वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. पोटातल्या बाळाला त्याचा धोका सगळ्यांत जास्त. मी साहेबांना दोनदा लेखी दिलंय, ते वाचत नाहीत. उद्या शीलाला आत नेऊ नका."

रत्नमालेनं घरी विषय काढला. बानाबाई शांतपणे म्हणाली, "आन् आसरा खऱ्या निघाल्या तर? तुझी डाक्टरीण देईल का लेकरू भरून?" धुराची भीती कालची होती, आसरांची जन्मापासूनची. तिनं जुनी भीती धरली आणि शुक्रवारी शीलाला घेऊन आली. सुनेसाठी बानाबाईही सोबत आली.

बारा वीसला लाइट गेली. भिंतीपलीकडे जनरेटर धडधडू लागला.

पहिला नंबर दगडाबाईचा. तिला सतरंजीवर निजवलं. आसरांच्या रिवाजाप्रमाणं पोटाला हळद माखलेली होतीच. बाबांनी तांब्यातल्या तीर्थात बोटं बुडवली, पोटावर दाबून फिरवली आणि बोटांखालून लालभडक रक्त उमटलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. बाबांनी फडकं धरलं, मूठ आवळून वर उचलली, तर मुठीत केसांचा काळा गुंता. फडक्यानं पोट पुसलं, कातडीवर ओरखडासुद्धा नाही. बानाबाईनं तिथंच डोकं टेकलं. हा चमत्कार बघायला केयूरसाहेब मात्र आत नव्हते. ते समोरच्या केबिनमध्ये बसले होते, खिडकी उघडी ठेवून.

"आता दुसरी," बाबा म्हणाले.

शीला उठली. "आक्का, डोकं लई फुटायलंय," ती रत्नमालेला म्हणाली, दोन पावलं चालली आणि गुडघ्यांतून खाली बसली. मग आडवी झाली. मागच्या ओळीत आणखी दोघी कलंडल्या. कुणीतरी रडायला लागलं.

बाहेरून दार वाजलं. "दार उघडा," मनस्विनी ओरडत होती. "रत्नमालाताई, आधी दार उघडा."

"आल्या," बाबा गरजले. "आसरा आल्या. दार उघडलं तर बाळ घेऊनच बाहेर जातील. राखणदारीण, किल्ली सोडू नको. सोडलीस तर लेकरू तुझ्या हातानं गेलं."

रत्नमालेनं शीलाकडे बघितलं. शीलाचे डोळे अर्धे मिटले होते. त्या क्षणी रत्नमालेला कोकरं आठवली. ती लहान असताना एकदा गारपीट झाली. गारठ्यापासून वाचवायला बापानं सात कोकरं राहायच्या कापडी पालात कोंडली, जवळ विस्तव ठेवला, चारी बाजू बांधून टाकल्या. पाल सोडलं तेव्हा सातही मेलेली होती, अंगावर कुठं दाताची खूण नाही. सगळे भुताटकी म्हणाले, बापही म्हणाला. पण त्यानंतर विस्तव जवळ असला की बाप पालाची एक बाजू उघडी ठेवायचा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

तिनं कुलपाला किल्ली लावली. आपण आपल्याच भावाचं लेकरू मारतोय असं तिला वाटत होतं, आणि ती किल्ली फिरवत होती.

दार उघडलं. मनस्विनीनं शीलाचे खांदे धरले, रत्नमालेनं पाय, आणि दोघींनी तिला लिंबाखाली आणलं. मग रत्नमाला परत आत धावली आणि तिनं बांबूनं एकेक खिडकी ढकलली. बायका ठेचकाळत बाहेर आल्या. दोघी ओकल्या. मोकळ्या हवेत काही वेळानं शीलानं डोळे उघडले.

"पाहिलंत?" बाबा दाराशी येऊन म्हणाले. "मी हाकललं म्हणून आसरा बाहेर पळाल्या." चारदोन जणींनी माना डोलावल्यासुद्धा. बाबांना पुढं बोलायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली. ते चौकट धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक.

"बाबा," रत्नमाला म्हणाली, "तुमच्या बी अंगात शिरल्या का?"

कुणीतरी फिसकन हसलं. त्या महिन्यात त्या आवारात प्रथमच कुणी हसत होतं.

मनस्विनीनं केबिनकडे बघून गाडी काढायला सांगितलं, आणि गाडी येईपर्यंत बानाबाईसमोर हात पसरला. "आजी, तंबाखूच्या चुन्याची डबी द्या." दगडाबाईच्या पोटावर लाल डागांच्या कडेला उरलेली हळद तिनं आपल्या मनगटाला लावली, वर बोटभर चुना चोळला. मनगट लालभडक झालं. "बाबांच्या तीर्थात चुना आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कापलं काहीच नाही."

"आन् केसं?" दगडाबाईनं विचारलं. तिनंच बाबांच्या हातातलं फडकं ओढून झटकलं. दुमडीतून केसांचा दुसरा गुंता खाली पडला. तो शीलासाठी होता.

मग बायका चार प्रबंधांकडे वळल्या. लाल फडकं सुटलं. प्रत्येक ग्रंथाची पहिली दहा पानं छापील, पुढं सगळी कोरी.

केयूरसाहेब केबिनमधून बाहेर आले होते. "बायकांचीच श्रद्धा होती," ते म्हणाले. "आम्ही फक्त मान राखला."

"साहेब, कारखान्यात हवा खेळती ठेवणं मालकावर बंधनकारक आहे," मनस्विनी म्हणाली. "धुरानं बाई पडली तर निरीक्षकाला जाब द्यावा लागतो. आसरानं पडली तर कुणालाच नाही. म्हणून तुम्हाला आसरा हव्या होत्या." मग ती बायकांकडे वळली. "तुमच्यातल्या काही जणी दुसरीला बघून, भीतीनंही पडल्या असतील. त्यांनी सोंग केलं असं कुणी म्हणू नका. भीती खरी असते, तिचं कारण चुकीचं असू शकतं."

घाटीच्या सरकारी दवाखान्यात शीलाला प्राणवायू लावला. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. नुसती खरखर आली. यंत्र सरकलं, पुन्हा खरखर. बानाबाईनं रत्नमालेचं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. रत्नमालेच्या मनात एकच होतं, आपण लई उशीर केला. मग खरखरीतून एक घाईघाईचा ठोका वर आला, आणि येतच राहिला.

सोमवारी निरीक्षक येऊन गेले. जनरेटर विहिरीवरून हलला. बाबांवर पोलिसात तक्रार गेली. तरीही फाटकापाशी काही बायका सात खडे आणि हळद घेऊन थांबल्या होत्या. आसरा रागावल्या नसतील कशावरून, असं त्यांचं म्हणणं. चौघींत कधी न बोलणारी रत्नमाला तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मांडायचे तर खडे मांडा," ती म्हणाली. "माझी माय बी मांडतीय. पण एक ध्यानात घ्या. आसरांनी एक बी खिडकी लावली नाय. सगळ्या म्या लावल्या, ह्याच हातानं, रोज. कोळसा आपणच पेटवला. मला डाक्टरीणबाईनं आदल्या दिशी सांगितलं व्हतं, तरी म्या शीलाला आत नेली, कारण मला भ्या वाटलं. भ्या वाटतंय तर वाटू द्या. पण कोणी म्हणलं की दार लावा, कोणाला इचारू नका, तर तिथंच उठा आन् इचारा. का लावू? कशानं बरं व्हईल? आन् नाय झालं तर? उत्तर देत नसंल तर त्याच्याकडं चार पदव्या असू द्या नाय तर चाळीस, आपलं लेकरू त्याच्यापुढं ठिवू नका."

एवढं बोलून ती आत गेली आणि आपल्या जागेवर वायरी बांधायला बसली.