कावळेवाले, दलदलवाले आणि पिवळे बूट

आमच्या ऑनलाइन खेळात कावळेवाले आणि दलदलवाले जन्माचे वैरी. त्यांची आतून युती आहे का, यावर यंदा आम्हा तिघांची पैज होती. अशी पैज दरसाल लागते. जिंकेल त्या एकट्याला युहान्नुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणात, आमची तळ्याकाठची सामाईक झोपडी आणि तिथली वाफेची सौना. एक उत्तर एकालाच. आधी ओरडेल त्याचं.

"आहे!" इल्पो ओरडला.

"नाही रे, गाढवा!" रायली ओरडली.

मी नेहमीसारखा विचारच करत राहिलो. असे चार सण मी तांपेरे शहरात एकट्यानं बटाटे उकडून काढले होते.

खेळाच्या नव्या भागात युती निघाली. सणाच्या दिवशी इल्पोनं झोपडीचा फोटो पाठवला. पायरीवर रायलीचे पिवळे बूट! मी जुने फोटो काढले. जिंकलेलं कुणीही असो, दर फोटोत कप दोन.

सॉसेज घेऊन मी थेट झोपडी गाठली. सौनेत दोघं लालबुंद होऊन बसले होते, नुसत्या वाफेनं नव्हे.

"काय, युती कधीपासून?"

"कुणाला सांगू नकोस हं," इल्पो पुटपुटला.

"अरे, लपवायचं होतं ते माझ्यापासूनच ना?"

रायली हसली. "सरक रे इल्पो. तिघं मावतात."

मावलो.